नाव न घेता

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या डोक्यावर प्रभूच्या नावाने सलाम लिहायचा, ही आपल्या घरची लहानपणापासूनची सवय. आज कागद पुढे घेतला आणि हात तिथे वळलाच नाही. खोटा सलाम लिहिण्यापेक्षा ती जागा कोरी सोडली आहे.

तुझं कार्ड मिळालं. वरची फुलं सुंदर आहेत. आत लिहिलं आहेस, "ताई, झालं गेलं विसरून जाऊ. प्रभूने आपल्याला क्षमा केली, तशी आपणही एकमेकींना करू." एकमेकींना, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. मी तुझा काय अपराध केला ते कळव. लगेच माफी मागेन, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

तू काही सातासमुद्रापलीकडे राहत नाहीस. बसने तुझ्या दारात येता येतं. तरी पत्र लिहिते, कारण समोर आले की तू रडायला लागतेस, आणि तू रडलीस की तुला समजवायचं काम माझ्याकडे येतं. आईने तुला माझ्या कडेवर दिलं तेव्हापासून हेच चाललं आहे. कागदावर तू रडलीस तरी मला दिसत नाही.

तू म्हणे सगळ्यांना सांगतेस की ताईला नेमका कशाचा राग आलाय तेच कळत नाही. तर ओळीने लिहिते.

हे अंथरुणाला खिळले होते. ज्या हातांनी आख्ख्या गावाच्या वेताच्या खुर्च्या विणल्या, ते हात चादरीवर ठेवले की ठेवल्या जागी पडून राहत. घोटभर पाणी गिळायचं तर छाती पिळवटायची. त्या दुपारी तू फळं घेऊन आलीस. मी मोरीत चादरी धूत होते. तू उंबऱ्यावर बसलीस आणि विचारलंस, "ताई, तू कशी आहेस?" एवढे लोक येऊन गेले, सगळ्यांनी ह्यांचं विचारलं. माझं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तोंडातून निघालं. मी म्हटलं, "रोज एकच मागते. प्रभू, ह्यांना आता ने. पुरे झालं."

तू माझा ओला हात धरलास आणि म्हणालीस, "हे माझ्यापाशीच राहील." मी तुला तसं वचन मागितलं नव्हतं. तू आपणहून दिलंस.

पुढे हे गेले. त्यांना मातीत ठेवून आलो, येणारे-जाणारे कमी झाले, आणि एका बुधवारी पाळकांच्या घरी बायकांची बैठक भरली. मी गेले नाही, अंगात ताप होता. सासूबाई गेल्या. महिला मंडळाची पुढारी म्हणून तू प्रार्थनेचे विषय सांगायला उभी राहिलीस. शाळेच्या इमारतीसाठी प्रार्थना, कुणाच्या परीक्षेसाठी प्रार्थना, आणि मग हे: "आपल्यातल्याच एका घरात आजारी माणसाचं मरण मागितलं गेलं. मागणारी आपलीच बहीण आहे. तिच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून माथी नमवू या."

सगळ्यांनी माथी नमवली. नमवलेल्या माथ्यांखाली कुजबूज झाली नसेल, असं तुला खरंच वाटतं?

मला हे कळलं ते कोपऱ्यावरच्या शिवणकामवालीकडून. ह्यांच्यामागे मी विणायला घेतलेली आपली खुर्ची न्यायला आली होती. फार मायेने म्हणाली, "तुमच्यासाठी रोज मागतोय हो आम्ही. ते मरण मागितलंत ना, त्याबद्दल." माझ्या हातातली वेताची पट्टी पाण्यात पडली.

तू म्हणतेस, मी नाव घेतलं नाही. त्या दिवसांत मंडळीत एकच माणूस गेला होता. नाव घ्यायची गरजच काय होती?

आणि सासूबाई त्या बैठकीत, मागच्या रांगेत बसलेल्या होत्या. घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. सकाळी धाकट्या मुलाला बोलावून घेतलं, कपड्यांची पिशवी भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता मला या घरात तोंड नाही." मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही असंच त्यांना म्हणायचं आहे, सरळ म्हणवत नाही एवढंच. त्या गेल्या. त्यांची बुटकी खुर्ची, ह्यांनी खास त्यांच्या गुडघ्यांच्या मापाने केलेली, ती इथेच राहिली.

नवरा देवाने नेला. त्याच्याशी माझं भांडण नाही, मागितलं ते त्याने दिलं. सासू तू नेलीस.

विसरून जाऊ म्हणतेस. तू विसर. तुला सोपं जाईल.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राचं उत्तर म्हणून तू पाळकांना पाठवशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, शाई वापरशील.

दुपारी आले. दुकानात पसारा होता. मी दारातली खुर्ची पुढे ओढली, आणि ते बसणार एवढ्यात मी ओरडले, "थांबा, तिला अजून बूड नाही." नुसती चौकट होती. मंडळीचा मेंढपाळ माझ्या दुकानात अडकून पडला असता, म्हणजे आणखी एक प्रार्थनेचा विषय झाला असता. मग स्टुलावर बसले.

"बाई, बहीण रडते आहे," म्हणाले.

"रडू द्या. डोळे स्वच्छ होतील."

"क्षमा केली नाही तर आपलीच प्रार्थना अडते."

"माझी नाही अडत. रोज भांडते त्याच्याशी. ऐकून घेतो."

"मनात कडूपणा साठू देऊ नये."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाळकसाहेब, तुमच्या पायावर कुणी पाय देऊन उभं राहिलं, तर तुम्ही त्याला आधी काय म्हणाल? क्षमा केली, की पाय काढ?"

ते चांगले आहेत. खरं तेच बोलले. "पाय काढ म्हणेन."

"मग मी दुसरं काय म्हणते आहे?"

तुला मी किती वेळा सांगू, की क्षमा म्हणजे आपलं काही दुखलंच नाही असं दाखवणं नव्हे. तसं असतं तर प्रभूने जखमा झाकून घेतल्या असत्या. मरणातून उठल्यावरही त्याने त्या दाखवल्या, हात पुढे करून दाखवल्या. स्तोत्रांत एक माणूस देवापाशी गाऱ्हाणं घालतो. त्याला शत्रूचं काही वाटत नाही. लागलंय ते मित्राचं, सोबत देवाच्या घरी जाणाऱ्या मित्राचं. ते स्तोत्र कुणी खोडून टाकलेलं नाही. कडूपणा आहे म्हणून कुणी त्यावर कागद चिकटवला नाही.

हे म्हणायचे, "तू भांडत वाचतेस. ओळ पटली नाही तर पानावर बोट आपटतेस." तर, आपटते. तुला शाळा मिळाली, तुला वाचता येणं म्हणजे श्वास घेणं. मी अक्षरं जुळवली ती गीतांच्या पुस्तकावरून. गीतं तोंडपाठ होती, म्हणून कुठलं अक्षर काय बोलतं ते हळूहळू कळत गेलं. त्यामुळे मला वाचताना ओळ सोडून पुढे जाता येत नाही. आणि शास्त्रात लिहिलंय की भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा, तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. दोघंच. महिला मंडळ नाही. तुला माझी काळजी वाटत होती, माझं चुकतंय असं वाटत होतं, तर मोरीचा उंबरा होता. मी तिथेच होते.

तू म्हणे म्हणतेस, ताई विश्वासात थंडावली. प्रभुभोजनाच्या वेळी मी उठून बाहेर गेले ते सगळ्यांनी पाहिलं. बरोबर पाहिलं. भाकरीचं ताट तुझ्या हातून माझ्याकडे येणार होतं. मनात तुझ्याबद्दल हे असं असताना तुझ्या हातून ती घेणं, हा थंडावा ठरला असता. मी उठले कारण मला त्या भाकरीची चाड आहे.

पाळकांनी चहा घेतला. निघताना दारात थांबले.

"तिला हे समोर सांगितलंत का? पाय काढ, हे?"

"पत्रात लिहिलंय."

"आणि सासूबाईंशी बोललात?"

"त्यांच्याशी काय बोलायचं? त्या मला सोडून गेल्या."

"तसं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतं ना."

ते चप्पल घालायला वाकले. मला त्यांचा राग आला. राग काढायला एवढी माणसं आहेत, आणि मला विचारतात.

तुला कुणी सांगितलंच, तर खरं आहे. मी संध्याकाळी शास्त्र मोठ्यानेच वाचते. सासूबाईंना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. मध्येच थांबून "कळलं का?" असंही विचारते. खुर्ची काय उत्तर देणार. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "कळलं, पण पटलं नाही. पुढे वाच."

पाळकांना परत पाठवू नकोस. त्यांना कामं आहेत.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकटे,

या वेळी शाई वापरलीस. पानं भरून लिहिलंस. सगळी वाचली.

तू लिहितेस, "मी प्रेमापोटी बोलले. तू सांगितलंस ते मला झेपेना. मलाही ओझं झालं होतं, ताई. माझं ओझं मी प्रभूपुढे ठेवलं, त्यात काय चुकलं?"

तुला झेपलं नाही, हे मी मानते. तू आधीपासून तशीच. लहानपणी गुपित सांगितलं की तुझ्या पोटात दुखायचं, खरंच दुखायचं, मी ओवा चोळायची. तू माझ्यावर डूख धरून बोलली नाहीस, हेही मानते. पण प्रभूपुढे ठेवलंस, हे म्हणू नकोस. प्रभूला त्यात नवीन काही नव्हतं, त्याला मी आधीच सांगितलेलं होतं, रोज सांगत होते. तू ते बायकांना सांगितलंस. देवाकडे तोंड करून बायकांना सांगितलंस.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. नळावर बोलली असतीस तर त्याला चुगली म्हटलं असतं. मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे चहाला आले असते. तू माझी गोष्ट हात जोडून, डोळे मिटून चव्हाट्यावर मांडलीस. आता मी बोलले तर प्रार्थनेविरुद्ध बोलले असं होतं. तू मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.

आणि आणखी एक. तू त्याला पाप म्हणून मांडलंस. 'तिच्या मनावरचं ओझं.' धाकटे, माझ्या मनावर ते ओझं नव्हतं. ह्यांचा जीव गुदमरत होता आणि मी ज्याच्या हातात जीव आहे त्याला सांगितलं की सोडव. उशी दाबली नाही, औषध चुकवलं नाही, कुशी बदलायला कंटाळले नाही. मागितलं. मागायला नाही तर प्रार्थना कशाला असते? त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. देवाचीही नाही. त्याने माझ्याकडे ती मागितलेली नाही.

फक्त सासूबाईंचं वाटतं. त्या आई आहेत. आपल्या मुलाचं मरण सुनेने मागितलं, हे परक्या घरी, बायकांत बसून ऐकायचं. मी सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं, ते माझं मी बघितलं असतं. कदाचित सांगितलंच नसतं. ती निवड माझी होती आणि तू ती वापरून टाकलीस.

पाळकांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. तसं त्या म्हणाल्या का, म्हणे. त्यांच्या खुर्चीचा एका कडेचा वेत तुटायला आला होता. वेत एका जागी तुटला की तेवढीच जागा सांधता येत नाही, सगळं बूड कापून नव्याने विणावं लागतं. कापलं. पट्ट्या भिजवून उभ्या घातल्या, आडव्या घातल्या, आज तिरक्या संपतील. वाळून ताठ झालं की रविवारी उपासनेनंतर खुर्ची घेऊन दिरांकडे जाणार आहे. त्या दार लावून घेतील तर खुर्ची दारात ठेवून येईन. पण त्यांच्या तोंडून ऐकेन. तुझ्या मंडळाकडून नाही, शिवणकामवालीकडून नाही.

हे तुला का लिहिते आहे माहीत नाही. सांगायला दुसरं कुणी नाही, असं समजू नकोस.

ताई

६ मार्च

प्रभूच्या नावाने सलाम.

धाकटे,

खुर्ची घेऊन जिना चढले. दिरांचं घर वरच्या मजल्यावर. जावेने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि "या" म्हणण्याआधीच "मी जरा स्वयंपाकघरात" म्हणाली. स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

सासूबाई सोफ्यात होत्या. सोफ्यावर नव्हे, सोफ्यात. एवढ्याशा झालेल्या, गाद्यांत बुडालेल्या.

"खुर्ची आणली," मी म्हटलं.

"कशाला? मी परत येणार नाही, हे पक्कं करायला?"

"तुम्हाला सोफ्यातून उठता येत नाही, म्हणून."

"दोन माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "एक ओढायला, एक ढकलायला."

मी सगळं बोलणं येताना बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य तोंडात आलं तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तू बहिणीला सांगायला नको होतंस."

"नको होतं," मी म्हटलं. "पण आई, कुणापाशी तरी बोलावंसं वाटलं."

"कुणापाशी तरी? ते तुझं होतं का बोलायला? माझं होतं ते."

मला कळेना. मी म्हटलं, "तुमचं?"

"सोंग करू नको, पोरी. त्या दिवशी त्याच्या उशाशी बसून मी बोलत होते, आणि तू पाण्याचं भांडं घेऊन दारात आलीस. भांडं ठेवलंस आणि पाऊल न वाजवता परत फिरलीस. ऐकलंस ना? ऐकलंस तर पोटात ठेवायचं. सुनेने म्हणून नाही म्हणत, बाईने म्हणून."

मला तो दिवस आठवला. सासूबाई दिवसभर ह्यांच्याशी काही ना काही बोलायच्या, ह्यांच्या लहानपणचं, कुठल्या झाडावरून पडले ते. मला वाटलं, आई मुलाशी बोलते आहे, आपण मध्ये कशाला. म्हणून मी परत फिरले होते. एक शब्द ऐकला नव्हता.

"आई, तुम्ही काय बोलत होतात?"

"देवाशी बोलत होते. म्हटलं, देताना तू मला विचारलं नव्हतंस. आता मीच सांगते. माझ्या पोटचा आहे, मी हात सोडते, ने त्याला." त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. "आणि तू ते जाऊन सांगितलंस. भरल्या बैठकीत तिने सांगितलं, एका बहिणीने घरातल्या आजारी माणसाचं मरण मागितलं. बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. आई असून, म्हणत असतील. मी कुठल्या तोंडाने तुझ्या घरात राहायचं?"

मी खाली फरशीवर बसले.

"आई, ती बाई तुम्ही नव्हतात."

"मग कोण?"

"मी."

"तू?"

"मोरीत. चादरी पिळताना. रोज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज?"

"रोज."

"मी एकदाच म्हटलं," त्या म्हणाल्या, जराशा रुसल्यासारख्या. "मग तुझंच ऐकलं असणार."

धाकटे, मला हसू आलं. कसं आलं माहीत नाही, पण आलं, आणि त्यांनाही आलं. सोफा हलायला लागला. आणि हसता हसता ते दुसरंच काही झालं. जाऊ हातात पळी घेऊन धावत आली. तिला वाटलं, आम्ही मारामारी करतो आहोत. मग मी ओढलं, तिने ढकललं, आणि सासूबाईंना त्यांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी बुडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिरके पट्टे त्याच्याइतके सारखे नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

"बसायला चालेल."

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. वाचायला बसलो तर म्हणाल्या, मधलं जे राहिलं ते सगळं वाच.

आता तुझं. एवढं वाचून तुला सुटल्यासारखं वाटत असेल तर थांब. तू नाव घेतलं नाहीस, आणि तीच तुझी दया समजून बसलीस. नाव घेतलं असतंस तर ते एकीला लागलं असतं. नाव घेतलं नाहीस, आणि मंडळीत प्रत्येक बाई बहीणच, म्हणून ते घरातल्या दोघींना लागलं. एका छपराखाली दोन बायका, दोघींनी एकच गोष्ट मागितलेली, आणि दोघींना वाटतंय की आपणच ती. त्यांना वाटत होतं मी त्यांना विकलं. मला वाटत होतं त्यांनी मला टाकलं. आम्ही एकमेकींना सांगितलं असतं तर तिथल्या तिथे गळ्यात गळा घालून रडलो असतो. माती दिल्यानंतरचे ते पहिले दिवस आमच्या दोघींचे होते. ते तू नेलेस, आणि तुला पत्ताही नाही. म्हणून सांगते आहे.

त्यांची गोष्ट मी त्यांना विचारून लिहिली आहे. "लिही," म्हणाल्या, "पण म्हणावं, माझ्यासाठी प्रार्थना करू नको."

तू माझ्याकडे क्षमा मागतेस ना. ती मी केली. काल केली, प्रार्थनेला बसले असताना. नीट आली नाही, ओढून आणावी लागली, पण केली. म्हणजे काय, ते ऐक. मी तुझी गोष्ट चारचौघींत सांगणार नाही. शिवणकामवाली विचारेल, मी वेत भिजवत बसेन. तुला दुखावं म्हणून काही करणार नाही. तू दुखण्यात पडलीस तर येईन आणि तुझ्या चादरी धुईन. रोज तुझं नाव घेऊन मागेन, दार लावून. तुझ्याकडे माझं जे निघत होतं ते मी सोडलं, तू उद्या काहीही केलंस तरी.

पण मोरीत बसून जे बोलले ते आता तुझ्याशी बोलणार नाही. क्षमा देता येते, कारण ती माझ्या हातात आहे. विश्वास तुला आणावा लागेल. तो मला आणता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

पाय काढ, असं मी म्हणाले होते. तो कसा काढायचा तेही सांगते, नाहीतर म्हणशील ताईने सांगितलंच नाही. येत्या बुधवारच्या बैठकीत प्रार्थनेचे विषय सांगायला उभी राहशील. तेव्हा आमच्याबद्दल चकार शब्द नको. आमचं ओझं नाही, आमच्या घराची शांती नाही, काही नाही. एवढंच म्हण की विश्वासाने सांगितलेली गोष्ट तू इथे बोललीस, ती तुझी नव्हती, आणि ते तुझं चुकलं. एका बहिणीचं चुकलं, असं म्हणायचं नाही. तुझं. नाव घेऊन.

रडायला आलं तर आधी बोल आणि मग रड. सासूबाई आणि मी मागच्या रांगेत बसू. त्या आपली खुर्ची घेऊन येणार आहेत, पाळकांच्या बाकांवर त्यांचा भरवसा नाही. तू रडलीस तर मी उठून जवळ येणार नाही, आधीच सांगून ठेवते. पण उठून बाहेरही जाणार नाही. आणि पुढच्या प्रभुभोजनाला ताट तुझ्या हातून आलं तर घेईन.

हे पत्रही जागा कोरी सोडूनच सुरू केलं होतं. वरचा सलाम आत्ता, सगळ्यात शेवटी लिहिला. जागा थोडी उरली होती, अक्षरं दाटीवाटीने बसली आहेत. पण बसली.

तुझी ताई